मंजुळा : जुनं नाव पुन्हा ठेवताना उच्चार, लेखनभेद आणि इंदूरची कागदपत्रं

दूर्वांकुर (इंदूर)

नमस्कार मंडळी. मुलीचं नाव मंजुळा ठेवावं असं घरात बहुतेकांना वाटतंय. तिच्या पणजीचं हेच नाव. बारसं येत्या रविवारी आहे. जन्माची माहिती रुग्णालयाने नगर निगमाला कळवली आहे, नावाचा रकाना अजून रिकामा आहे.

अडचण ळ ची आहे. इथे हिंदीत लिहिताना त्याचा 'मंजुला' होणार आणि शाळेतही तेच म्हणणार. मग असं नाव आज ठेवावं का, हिंदी कागदांवर ळ लिहायचा की ल, आणि इंग्रजी स्पेलिंग कोणतं धरायचं? घरात एकाला शेवटी दोन ए हवेत, दुसऱ्याला मधे दोन एल. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

रामबाग

जरूर ठेवा. काही जुन्या नावांचा अर्थ आज लागत नाही, काही जोडाक्षरांमुळे जड वाटतात. मंजुळाचं तसं काहीच नाही. 'मंजुळ' हा शब्द मराठीत आजही रोजचा आहे, त्यामुळे नावाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तुळशीला जे तुरे येतात त्यांनाही आपण मंजुळाच म्हणतो. म्हणजे नावात गोड आवाजही आहे आणि तुळसही.

शास्त्र बघणारं कुणी घरात असेल तर त्यांचंही समाधान होईल. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं असं म्हटलंय. मं-जु-ळा: तीन अक्षरं, शेवट आ.

मराठी माणसाला नाव ऐकून 'ती फुलराणी' आठवणार हे धरूनच चाला. १९७५ साली आलेल्या त्या नाटकातली भक्ती बर्व्यांची मंजुळा ज्यांनी पाहिली किंवा ऐकली, त्यांच्यासाठी हे नाव कधीच जुनं झालेलं नाही.

स्पष्ट_मत

माझं मत विरुद्ध आहे. पुण्यात किंवा नागपुरात ठेवायचं असतं तर लगेच हो म्हटलं असतं. इंदुरात मात्र ज्या अक्षरामुळे या नावाला रूप आहे तेच आधी जातं. उरतं 'मंजुला'. ते हिंदी भाषकांना आपल्या आईच्या, मावशीच्या पिढीतलं वाटतं. जुनं म्हणून जो गोडवा यावा तो त्याला अजून आलेला नाही. आणि हाक मारताना 'मंजू' होणं कुणाच्या हातात नसतं.

आणखी एक. मुलं नाव तोडून चिडवतात. मराठी मुलं 'जुळा' वेगळा काढतील. हे लहान कारण आहे, पण बारशाआधी माहीत असलेलं बरं.

जुनंच हवं तर मुक्ता घ्या. अहिल्याबाईंच्या मुलीचं नाव, त्यात ळ नाही, जोडाक्षर एकच आणि तेही हिंदीत जसंच्या तसं राहतं.

मालवा_पठार

स्पष्ट_मत, हिंदीत ळ नाही म्हणून इंदुरात ळ नाही, असं होत नाही. माळवी आणि निमाडी बोलणाऱ्यांच्या तोंडी ळ आहे. शहराच्या शाळकरी हिंदीत तो नाही, एवढंच. सांवेर, देपालपूरकडच्या माणसाला 'मंजुळा' म्हणायला सांगून बघा, अडत नाही.

ज्याला येत नाही त्यालाही शिकवता येतो. जिभेचं टोक ट, ड म्हणताना जसं मागे वळतं तसं वळवायचं, टाळूला टेकवायचं आणि आवाज जिभेच्या दोन्ही बाजूंनी सोडत जीभ खाली आपटायची. हिंदी भाषकाची जीभ 'ड़' म्हणताना जवळजवळ याच जागी जाते, फक्त हवा बाजूंनी जात नाही. म्हणून त्याला 'ल आणखी जोरात म्हणा' असं सांगून उपयोग होत नाही. 'ड़ च्या जागेवरून ल म्हणा' असं सांगितलं की लवकर जमतं. सरावाला जोड्या घ्या: काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ, पाल-पाळ. ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे सराव नेहमी शब्दाच्या मध्यात किंवा शेवटीच करायचा.

मूल स्वतः काही वर्षं 'मंजुला' म्हणेल. लहान मुलांना ळ उशिरा येतो, तोवर ते ल वर भागवतात. दर वेळी टोकायचं नाही, मोठ्यांनी स्वतः नीट म्हणत राहायचं.

ळ सोडून दिला की काय होतं ते या शहरात रोज दिसतं. राज्यकर्त्या घराण्याचं आडनाव होळकर, पुणे जिल्ह्यातल्या होळ गावावरून आलेलं. इथे स्टेडियम 'होलकर', कॉलेज 'होलकर', विमानतळावर 'होलकर'. मराठी घरांतली मुलंसुद्धा आता तसंच म्हणतात, कारण दोनशे वर्षं ज्यांच्या नावाने शहर ओळखलं गेलं त्यांचं नाव त्यांनी कधी ळ घालून लिहिलेलं पाहिलेलंच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून कुणी मुलीच्या नावात ळ आणत असेल तर मी त्याच्या बाजूने.

नोंदवही

कागदांपुरतं लिहितो. लांब होईल, पण सगळं एका ठिकाणी असू द्या.

घाई करू नका. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, ती तुमच्या रुग्णालयाने दिलेली आहे. नाव नंतर भरता येतं: १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारसं रविवारी असलं तरी सोमवारीच निगमाच्या झोन कार्यालयात पळायला नको. स्पेलिंगवर घरातल्या सगळ्यांची सहमती झाली की मगच जा. रिकामा रकाना भरणं सोपं, भरलेला बदलणं कटकटीचं. कलम १५ खाली दुरुस्ती होते तेव्हा मूळ नोंद पुसत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद करतात आणि त्यासाठी पुरावे मागतात. 'बेबी ऑफ अमुक' असं काही नावाच्या रकान्यात कुणी टाकत असेल तर टाकू देऊ नका.

२०२३ च्या दुरुस्तीने या प्रमाणपत्राचं वजन फार वाढलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळीकडे जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून तेच चालतं. पासपोर्टसाठीही या मुलांच्या जन्मतारखेला दुसरा पुरावा घेत नाहीत. तेव्हा या एका कागदावर नाव कसं उमटतं ते सगळ्यात महत्त्वाचं.

क्रम असा ठेवा: आधी नावासकट जन्म प्रमाणपत्र, मग त्यावरून बाल आधार, मग समग्र. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, समग्र हा मध्य प्रदेशातला क्रमांक: कुटुंबाला ८ अंकी, प्रत्येक सदस्याला ९ अंकी. शाळेत आणि सरकारी योजनांत तो मागतात, आणि ई-केवायसी करताना तो आधारशी जुळावा लागतो.

चुका कुठे होतात? आधार केंद्रावर इंग्रजी नाव टाइप केलं की हिंदी नाव यंत्र आपोआप उमटवतं. एम-ए-एन-जे-यू-एल-ए टाकल्यावर यंत्राला ळ कळण्याचा प्रश्नच नाही, तिथे 'मंजुला' येणार. अर्ज पुढे पाठवण्याआधी स्क्रीन पालकांना दाखवतात, त्याच वेळी हिंदी ओळ दुरुस्त करून घ्यायची. नंतर करायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा फेरी. निगमात ऐकून लिहिलं तर तीन प्रकार होऊ शकतात: 'मंजुला', दीर्घ ऊ घालून 'मंजूला', आणि ळ ला ड़ समजून 'मंजुड़ा'. म्हणून नाव तोंडी सांगायचंच नाही. छापलेली चिठ्ठी न्यायची.

दूर्वांकुर

फार उपयोगी माहिती, दादा. पण मुख्य प्रश्न उरतोच. हिंदी रकान्यात ळ चा आग्रह धरला आणि पुढे एखाद्या कागदावर ल आला, तर दोन नावं झाली असं होणार नाही का?

नोंदवही

संगणकावर जुळवणी होते ती बहुतेक इंग्रजी नावावरून. म्हणून इंग्रजीत एका अक्षराचाही फरक चालणार नाही, हिंदीतल्या ळ-ल ने सहसा काम अडत नाही. अडलंच तर फक्त हिंदीत निघणाऱ्या कागदांवर, म्हणजे जातीचा दाखला किंवा स्थानिक निवासी दाखला अशा ठिकाणी. तिथे जन्म प्रमाणपत्र दाखवलं की दुरुस्ती मागता येते, कारण मूळ कागद तो.

यावरूनच मी ळ च्या बाजूने आहे. मूळ कागदावर ळ असेल तर पुढे कुठेही ल झाला तरी ती लिहिणाऱ्याची चूक ठरते. मूळ कागदावरच ल असेल तर तुम्ही ळ मागायला कशाच्या आधारावर जाणार?

स्पष्ट_मत

हे पटलं. तरी सांगतो, आग्रह नववीपर्यंत सोडू नका. बोर्डाची नोंदणी नववीत होते, त्यावरून दहावीची मार्कशीट निघते, आणि ती मार्कशीट पुढे आयुष्यभर लागते. नोंदणीची यादी शाळेत तपासायला देतात तेव्हा पालक इंग्रजी वाचतात आणि हिंदी ओळ तशीच सोडतात. तिथे नजर ठेवा.

अक्षरयात्री

टाइप करणारे म्हणतात 'ये अक्षर कंप्यूटर में नहीं है'. आहे. ळ युनिकोडच्या देवनागरीत पहिल्यापासून आहे आणि मंगल फॉन्टमध्येही आहे. मध्य प्रदेशात टायपिंगची जी सीपीसीटी परीक्षा होते ती इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल कळफलकावर देतात, आणि दोन्हींत ळ आहे. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून एन. शिफ्ट न दाबता तीच कळ ल देते. रेमिंग्टन गेलवर शिफ्ट दाबून जी. जुन्या कृतिदेव फॉन्टमध्येही मोठा जी म्हणजे ळ. ऑपरेटरला बोट दाखवून नम्रपणे सांगितलं की तो लगेच टाकतो. त्याला ते अक्षर एरवी लागतच नाही, त्यामुळे जागा आठवत नाही.

कृतिदेवमध्ये लिहिलेलं नाव उचलून ऑनलाइन अर्जात चिकटवायचं नाही. तो युनिकोड फॉन्ट नाही, अर्जात भलतीच अक्षरं दिसतात. परिवर्तकातून (कृतिदेवचं युनिकोड करून देणाऱ्या साधनातून) काढून, डोळ्यांनी तपासून मग टाका. फोनवर हिंदी कळफलकात ळ सापडत नसेल तर मराठी कळफलक जोडा.

आता लेखनभेद. 'मंजुळा' हेच शुद्ध. जु ऱ्हस्व. कुणी 'तांदूळ', 'बाभूळ' यांचा दाखला देऊन दीर्घ करायला सांगेल, तर ते शब्द अकारान्त आहेत. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर मराठीत आधीचा इकार-उकार ऱ्हस्व राहतो: दिवा, विळा, तसंच मंजुळा. मूळ संस्कृत 'मंजुल' मध्येही उ ऱ्हस्वच आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर एकच. 'मञ्जुळा' असं ञ घालून लिहिणं चूक नाही, पण सरकारी कागदावर ते नकोच, पुढचा माणूस त्याचं काय करेल सांगता येत नाही. साधा अनुस्वार ठेवा.

बडोद्याची_वीणा

आमच्याकडे वडोदऱ्यात हा प्रश्न निम्माच आहे. गुजराती लिपीत ळ स्वतंत्र अक्षर आहे, त्यामुळे गुजराती रकान्यात ते लिहून मिळतं. तरी सावध राहावं लागतं, कारण गुजराती घरांत हे नाव ल घालून 'मंजुला' असंच चालतं आणि लिहिणारा सवयीने तेच लिहितो. कन्नडमध्ये मात्र हे नाव ळ घालूनच लिहितात. तेव्हा 'हे फक्त मराठीचं खूळ' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

अक्षरयात्री

इंग्रजी स्पेलिंगचं राहिलं. एम-ए-एन-जे-यू-एल-ए. सात अक्षरं, बस.

दोन एल घातले तर वाचणारा 'मंजुल्ला' वाचेल, ळ कुणीच वाचणार नाही. शेवटी दोन ए घातल्याने उच्चार सुधारत नाही, तो आधीच आकारान्त आहे. फायदा शून्य, आणि प्रत्येक काउंटरवर 'डबल ए' सांगत बसायचं. जो ऐकणार नाही तो एकच लिहील, आणि मग नोंदवही म्हणतात तसा इंग्रजीतच फरक पडेल. यू ऐवजी दोन ओ घातले तर जू दीर्घ वाचतात. अभ्यासू लोक ळ साठी एलखाली टिंब देतात, पण पासपोर्टच्या खालच्या यंत्राने वाचायच्या ओळींत ए ते झेड, आकडे आणि रिकामी जागा भरायचं एक चिन्ह (<) एवढंच चालतं. टिंब तिथे टिकणार नाही.

रामबाग

अंकशास्त्रासाठी दोन ए हवे असतील तर घरातल्या वहीत लिहा, नोंदीत नको.

नावावरच विचार चालू आहे तर इंदूरच्या नकाशावरची नावं बघा, किती सुंदर आहेत. गौतमपुरा हे मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावावरून, कृष्णपुऱ्याची छत्री कृष्णाबाईंची, मनोरमागंज, स्नेहलतागंज. पण मुलीला ठेवताना प्रत्येकाची अडचण वेगळी. कृष्णा हिंदीत मुलाचं नाव, अर्जात लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' पडण्याची भीती. गौतमा इंग्रजीत लिहिलं की बुद्धाचं नाव होतं. भीमाबाई, यशवंतरावांच्या शूर कन्या, १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत उतरलेल्या. पण हिंदी कानाला भीमा पुरुषच. तुळसा मला फार आवडतं, त्यात ळ ची तीच अडचण आणि इंग्रजीत अमेरिकेतलं शहर. अहिल्येला इंदुरात मान आहेच, पण तिथेही अहिल्या की अहल्या, इंग्रजीत मधे आय की ए, हे ठरवावंच लागतं. मंजुळाची अडचण एका अक्षराची आहे आणि तिचं उत्तर वर आलेलं आहे. लिंगाचा घोळ नाही, परदेशी माणसालाही वाचता येतं.

घाटावरचा_जोशी

पत्रिकेचं अक्षर कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या कोष्टकात, 'म' मघा नक्षत्राचा पहिला चरण, रास सिंह. बाळाचं नक्षत्र वेगळं असेल तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार वेगळी असतात. नाक्षत्रनाम पत्रिकेत राहील, मंजुळा हे व्यावहारिक.

थाळीत तांदळावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहिताना ळ ची दोन्ही वळणं मोठी काढा. तांदूळ घसरून त्याचा ठिपका होतो. थर पातळ पसरला की अक्षर उघडं राहतं, जाड पसरला की बुजतं. आणि आत्याबाईंकडून आधी नीट म्हणून घ्या, कानात पहिला उच्चार त्यांचाच जाणार आहे.

दूर्वांकुर

सगळ्यांचे मनापासून आभार. मंजुळा ठरलं. जन्म प्रमाणपत्रावर ळ, इंग्रजीत सात अक्षरं, दोन ए आणि दोन एल दोन्ही रद्द. शेवटचा प्रश्न: मधे वडिलांचं नाव घालायचं का? घरात सगळ्यांच्या नावात आहे, पण इथल्या अर्जांत वडिलांचा रकाना वेगळा असतो.

नोंदवही

दोन्ही चालतं, एकच काहीतरी ठरवा. इथल्या पद्धतीने 'नाव आडनाव' ठेवलंत तर कमी गोंधळ, कारण वडिलांचं नाव त्याच्या रकान्यात असतंच. मधेही घातलं की काही ठिकाणी ते दोनदा छापतं आणि काही ठिकाणी रकाना पुरत नाही म्हणून तुटतं. मराठी पद्धतीने तिन्ही हवी असतील तर जन्म प्रमाणपत्र, आधार, समग्र तिन्हींवर पूर्ण घाला. आद्याक्षर कुठेही नको. पासपोर्टच्या अर्जात आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण नाव लिहावं लागतं, आणि मग ते आधारशी जुळत नाही. पासपोर्टमध्ये नाव आणि वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात जातं, आडनाव दुसऱ्यात.

चिठ्ठी अशी छापून न्या: पहिल्या ओळीत हिंदी रकान्यासाठी 'मंजुळा' मोठ्या टायपात, शेजारी कंसात 'ल नहीं, ळ', दुसऱ्या ओळीत इंग्रजी कॅपिटल सात अक्षरं सुटी सुटी, तिसऱ्या ओळीत आई-वडिलांची नावं त्यांच्या आधारवर जशी आहेत अगदी तशी. एक प्रत ऑपरेटरकडे द्या, एक स्वतःच्या हातात ठेवा आणि प्रमाणपत्राची प्रिंट निघण्याआधी स्क्रीनवर अक्षर-अक्षर ताडून बघा.